ताइची, शिंग-यी, बाग्वा: जोर आणि तंत्र पारखायचं कसं?

व्हिडिओत वयस्कर गुरुजी हात जेमतेम हलवतात आणि समोरचा तरणाबांड शिष्य चार पावलं मागं उडतो. नवखा माणूस हे पाहून एक तर भारावून जातो, नाहीतर 'सगळं थोतांड' म्हणून मोबाइल खाली ठेवतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत आणि दोन्हींचं कारण एकच: नजर उडणाऱ्यावर होती. ताइची, शिंग-यी आणि बाग्वा या चिनी 'अंतर्गत' युद्धकलांमध्ये जोर पारखायचा तर आधी तो निघतो कुठून आणि शरीरातून जातो कसा, ते पाहायचं. समोरचा किती लांब गेला हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

हा लेख नव्याने शिकणाऱ्यांसाठी आहे, तसाच शिकायला जाण्याआधी शिक्षक पाहून ठेवणाऱ्यांसाठीही. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. उभं राहणं न तपासता एकदम फटका तपासला, तर चूक दिसते, पण तिचं मूळ सापडत नाही.

लागणारं सामान

- सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन असलेला मोबाइल (१२० असतील तरी चालेल) आणि स्टँड. हातात धरून केलेलं शूटिंग उपयोगाचं नाही.
- सुई फिरणारे, एकाच जाडीचे वजनाचे दोन काटे. डिजिटल काटा आकडा गोठवतो, त्यामुळे बदलता जोर त्यावर दिसत नाही.
- जमिनीला आणि भिंतीला चिकटवायची रंगीत टेप, कपड्यावर लावायच्या गोल टिकल्या.
- छाती झाकेल असा जाड किक-पॅड.
- मागे अंथरायला दोन मॅट.
- दोन साथीदार: एक तुमच्या वजनाचा, दुसरा दहा-पंधरा किलोंनी जड. तालमीत घाम गाळलेला पैलवान मिळाला तर फार उत्तम, कारण आपला तोल कधी गेला ते त्याला नेमकं कळतं आणि तो उगीच पडत नाही.
- वही. डोळ्यांत भरलेलं आठवड्याने वेगळंच आठवतं.

गुडघ्याचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल तर पायरी ६ आणि ७ डॉक्टरांना विचारूनच करा.

## १. आधी शैली ओळखा

'नेइज्या', म्हणजे अंतर्गत घराणं, हा शब्द जुना आहे. १६६९ सालच्या एका समाधिलेखात तो येतो. पण ताइची, शिंग-यी आणि बाग्वा या तिघांची मोट बांधली गेली ती सुन लुतांग (१८६०–१९३३) यांच्या पिढीत. सुन स्वतः तिन्ही कला शिकले होते. मोट एक असली तरी बैल वेगळे आहेत, आणि एकाचं माप दुसऱ्याला लावणं ही नवख्यांची पहिली चूक.

चेन ताइची हनान प्रांतातल्या चेन्जियागौ गावची. तिच्यात संथ आणि जलद हालचाल मिसळलेली असते, हातपाय पीळ घेत फिरतात, मधेच पाय आपटला जातो, फटका उघड दिसतो. यांग लुचान (१७९९–१८७२) याच गावात शिकले आणि त्यांनी ती बीजिंगला नेली. नातू यांग चेंगफू यांच्या काळात यांग शैलीला आजचं रूप आलं: मोठे पवित्रे, शेवटपर्यंत एकच वेग, फटका जवळजवळ लपलेला. म्हणून यांग शैलीच्या माणसात 'जोर दिसत नाही' ही तक्रार चुकीची आणि चेन शैलीचा माणूस 'फार हिसके देतो' हीसुद्धा.

वू नावाच्या शैली दोन आहेत, हेही ध्यानात ठेवा. वू जियानच्वान यांच्या शैलीत पुढच्या पवित्र्यात धड पुढे कललेलं असतं. ती चूक नव्हे. मागच्या टाचेपासून टाळूपर्यंत सरळ तिरकी रेघ ओढता येते का, एवढंच तिथे पाहायचं. रेघ कमरेत मोडली तर मात्र चूक.

शिंग-यी सरळ रेषेत चालते. तिच्या पाच मूळ मुठी: पी, झुआन, बेंग, पाओ, हेंग. बाग्वा डोंग हायचुआन यांनी बीजिंगमध्ये शिकवली. ते १८८२ साली वारले. ही वर्तुळावर चालत चालत करायची कला. तिच्यात पाऊल चिखलातून सरकवल्यासारखं, तळवा जमिनीला समांतर ठेवून पुढे जातं. टाच आधी टेकणारी ताइचीची चाल बाग्वात दिसली तर ती दुसऱ्या कलेची सवय तिथे शिरली आहे, असं समजा.

वहीत पहिली ओळ लिहा: कोणती कला, कोणती शैली. हे कळल्याशिवाय पुढचं काही लिहू नका.

## २. उभं राहणं

जोराचं दुकान इथे उघडतं. ताइचीवाल्याला झानझुआंगमध्ये, म्हणजे झाडाला मिठी मारल्यासारखा, पाच मिनिटं उभा करा. शिंग-यीवाल्याला सान्तीमध्ये, एक पाय पुढे आणि एक मागे. समोरून, बाजूने आणि पाठीमागून, तीनही बाजूंनी पाहा. खालून वर जा:

- तळवा: अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच, तिन्ही टेकलेले. आतली कमान कोसळली की गुडघा आत पडणारच.
- गुडघा: वाटी पावलाच्या बोटांच्या दिशेने. बाजूने पाहिल्यावर गुडघा बोटांच्या टोकापुढे नको.
- माकडहाड: सरळ खाली. मागे काढलेलं नको आणि जोर लावून आत ओढलेलंही नको.
- छाती आणि पाठ: छाती फुगवलेली नाही, पाठ रुंद.
- खांदे खाली, कोपरांची टोकं जमिनीकडे.
- हनुवटी किंचित आत, टाळू वर ओढल्यासारखी.

पहिल्या मिनिटाला सगळेच नीट दिसतात. खरं चित्र तिसऱ्या मिनिटापासून उलगडतं. मांड्या थरथरल्या तर हरकत नाही, पाय काम करताहेत. खांदे हळूहळू कानांकडे चढले, श्वास छातीत आला, गुडघे आत झुकले, तर पायांचं ओझं खांदे वाहायला लागले आहेत. हाच माणूस पुढे ढकलताना खांद्यानेच ढकलेल, हे आत्ताच लिहून ठेवता येतं.

सान्तीसाठी दोन काटे वापरा, प्रत्येक पायाखाली एक. बहुतेक परंपरांत मागच्या पायावर साठ ते सत्तर टक्के वजन असतं. ६० किलोंच्या माणसाचा मागचा काटा ३६ ते ४२ च्या दरम्यान हवा, पुढचा १८ ते २४ च्या. आकड्याइतकीच सुईही महत्त्वाची. ती सतत पाच-सहा किलो मागेपुढे झुलत असेल तर घोट्यात अकारण ताण आहे.

इथेच 'सोंग' हा शब्द समजून घ्या. मराठी कानाला तो फसवा वाटेल, पण आपल्या सोंगाशी त्याचा काही संबंध नाही. चिनी 'सोंग' म्हणजे सैल. ढिलं नव्हे. दोरीवर वाळत टाकलेलं धोतर सैल असतं आणि तरी दोरीला नीट लटकलेलं असतं. जमिनीवर पडलेला त्याचा बोळा ढिला. सैल माणसाचे सांधे मोकळे असतात, पण उंची कमी होत नाही. हात उचलून सोडलात तर तो वजनाने खाली येतो, हवेत अडकून राहत नाही. आणि तो येत असताना धड मात्र कलंडत नाही.

## ३. सावकाश चाल

भिंतीवर डोक्याच्या उंचीला आडवी टेप लावा, तिच्यासमोरून चालायला सांगा, बाजूने शूटिंग करा. पवित्रा बदलण्याची जागा सोडून टाळू वरखाली होत असेल तर पाऊल टाकताना शरीर उचललं जातंय, म्हणजे मागचा पाय वाकून वजन धरू शकत नाही.

दुसरी कसोटी बिनखर्चाची आणि फार बोलकी आहे. पुढचं पाऊल नुकतंच टेकतंय, त्या क्षणी 'थांब' म्हणा. आता धड न हलवता तेच पाऊल पुन्हा उचलायला सांगा. उचलता आलं तर वजन अजून मागे होतं, पाऊल खरंच रिकामं होतं. धड मागे झुकवल्याशिवाय उचलता आलं नाही, तर तो माणूस प्रत्येक पावलाला थोडा थोडा पडतोय. वर्षानुवर्षं सराव केलेले कित्येक जण इथे अडकतात, कारण संगीतावर संथ चालताना हे पडणं दिसतच नाही.

तिसरी गोष्ट बाहेरच्या तीन जोड्यांची: खांदा आणि खुबा, कोपर आणि गुडघा, हात आणि पाऊल. जोडीतले दोघं एकत्र निघतात का, एकत्र पोचतात का? धड थांबल्यावरही मनगट एखादं सुंदर वळण घेत राहिलं, तर ते वळण हाताचं एकट्याचं. दिसायला देखणं, जोराच्या हिशेबात शून्य.

## ४. जोराचा रस्ता, फ्रेम मोजून

ताइचीच्या परंपरेत सांगतात की जोराचं मूळ पावलात, तो सुटतो पायांतून, त्याचा ताबा कमरेकडे आणि तो दिसतो बोटांत. हे काव्य नाही, तपासता येणारा क्रम आहे.

टाच, खुब्याचं हाड, खांदा, कोपर, मनगट, या पाच जागी टिकल्या लावा. कॅमेरा बाजूला, कमरेच्या उंचीला, तीन मीटरवर. ढकलण्याची एकच हालचाल पाच वेळा करायला सांगा आणि २४० फ्रेमवर घ्या. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. आता फ्रेम पुढे सरकवत प्रत्येक टिकली कितव्या फ्रेमला हलायला लागते ते लिहा.

मागचा पाय जमीन ढकलतो, मग खुबा, मग खांदा, मग कोपर, मग मनगट, असा क्रम मिळाला तर रस्ता मोकळा. मनगट पहिलं हललं तर ती हाताची ढकल आहे, पाय नंतर नुसते सोबतीला आले. खांदा खुब्याआधी हलला तर कंबर झोपलेली आहे.

सापळा असा: टप्प्यांमधलं अंतर जास्त म्हणजे कला जास्त, असं वाटू लागतं. सापासारखी लाट अंगातून जाताना डोळ्यांना दिसते ती शिकाऊ अवस्था. हात मुरला की अंतरं आकसतात, आणि चांगल्या माणसात ती २४० फ्रेमवरही जेमतेम सापडतात. क्रम पाहा, लाटेचा आकार नको.

शिंग-यीत आणखी एक मोजणी. बेंग मुठीत मूठ आणि पुढचं पाऊल एकाच वेळी पोचायला हवेत, आणि मागचं पाऊल लगेच ओढून यायला हवं. शिंग-यीचे जुने गुरू गुओ युनशेन यांची अर्ध्या पावलाची बेंग मूठ प्रसिद्ध आहे, आणि ते अर्धं पाऊल म्हणजे हीच ओढून येण्याची क्रिया. पाऊल आधी टेकलं आणि मूठ मागाहून आली, तर पावलाचा वेग जमिनीत मुरला. मुठीला मिळाला तो फक्त हाताचा.

## ५. हाताने चाचपून पाहा

डोळ्यांपेक्षा हात खरं सांगतात. ताइचीत 'पेंग' नावाचा जोर मूळ मानला जातो: हवा भरलेल्या चेंडूसारखा, सगळ्या बाजूंनी सारखा फुगलेला. तपासायचा असा:

समोरच्याने पुढचा हात छातीसमोर गोल धरावा. तुमचा एक तळवा त्याच्या मनगटाच्या वरच्या भागावर, दुसरा त्याच्या मानेजवळच्या खांद्याच्या स्नायूवर. आता मनगट हळूहळू दाबा. पाच सेकंदांत शून्यावरून पूर्ण दाबापर्यंत जा. धक्का देऊ नका, धक्क्याला कोणीही ताठरतो.

- हात छातीला चिकटला: पेंग नाही, ढिलेपणा आहे.
- हात हलला नाही पण खांद्याचा स्नायू दगड झाला: तो स्नायूंनी थोपवतोय. अर्ध्या मिनिटात दमेल.
- हात थोडा दबून स्प्रिंगसारखा थांबला, खांदा मऊच राहिला आणि मागचा पाय जमिनीत रुतल्यासारखा वाटला: हेच हवं. आता अचानक दाब काढा. त्याचा हात किंचित पुढे येईल, पण तो स्वतः पुढे कोसळणार नाही. कोसळला, तर तो तुमच्यावर टेकून उभा होता.

ही शेवटची कृती विसरू नका. निम्मी पारख दाब काढण्यात आहे.

## ६. ढकलण्याचं गणित

आता या लेखातला गाभा. 'लहानखुऱ्या माणसाने मोठ्याला सहज हलवलं' यात गूढ किती आणि यंत्रशास्त्र किती, हे स्वच्छ मांडता येतं.

तुम्ही ज्या जोराने समोरच्याला ढकलता, तेवढ्याच जोराने तोही तुम्हाला मागे रेटतो. तुमचे पाय सरकत नाहीत ते घर्षणामुळे. सोयीसाठी धरू की घर्षण अंगावरच्या भाराच्या निम्मं आहे. ६० किलोंच्या माणसाने अगदी आडवं ढकललं, तर ३० किलोंपलीकडे त्याचेच पाय घसरतील. ८० किलोंच्या माणसाला सरकवायला ४० लागतात. म्हणजे आडव्या ढकलीत हलका माणूस हरणारच, त्याने कितीही ताकद लावली तरी.

तोच माणूस आता २० अंश वरच्या दिशेने ढकलतो. वरच्या ढकलीची प्रतिक्रिया त्याला खाली दाबते, त्याचे पाय जास्त घट्ट धरतात. त्याला आता सुमारे ३९ किलोंचा जोर लावता येतो. त्यातला साधारण ३७ किलोंचा आडवा भाग आणि १३ किलोंचा वरचा. हे १३ किलो समोरच्याच्या पायांवरून उचलले जातात. त्याच्या पायांखाली ८० ऐवजी ६७ किलोंचा भार उरतो आणि त्याचं घर्षण ३३ वर येतं. ३७ विरुद्ध ३३: तो सरकला.

ताइचीत 'मूळ उपटणं' म्हणतात ते हेच. म्हणून चांगल्या ढकलीत कोपरं खाली असतात, जोर खालून तिरका वर जातो आणि समोरच्याच्या टाचा सरकण्याआधी सुटतात. आणि म्हणूनच गुळगुळीत फरशीवर मोजे घालून या कलांची परीक्षा घेऊ नका. तिथे कोणाचंच काही चालत नाही.

स्वतःचा जोर मोजायला सुईचा काटा भिंतीशी छातीच्या उंचीला उभा धरा. उभा केल्यावर सुई शून्यावरून सरकते, ती आधी चाकाने जुळवून घ्या. तीन वाचनं घ्या: एक फक्त हाताने, पाय जुळवून, दुसरं पुढच्या पवित्र्यात, पण खांदा मुद्दाम उचलून, तिसरं त्याच पवित्र्यात खांदा सोडून, मागच्या टाचेपासून. प्रत्येक वेळी सुई दोन सेकंद टिकली तोच आकडा धरा. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक नसेल, तर पाय अजून कामाला लागलेले नाहीत. दुसरा आकडा तिसऱ्याच्या बराच खाली असेल, तर खांदा वर गेल्यावर काय हरवतं ते तुम्ही स्वतः मोजलंत. हे आकडे दुसऱ्या कोणाशी ताडून पाहू नका; वजन, उंची, जोडे आणि फरशी, सगळं बदलतं. स्वतःच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडा.

## ७. फाजिन, म्हणजे जोर सोडणं

फाजिन लांब असतो आणि आखूडही. लांब जोर समोरच्याला ढकलून फेकतो, आखूड जोर जागच्या जागी आत शिरतो. माणूस लांब उडाला नाही म्हणून आखूड जोराला कमी लेखू नका. मार त्यातच जास्त असतो.

साथीदाराने पॅड छातीला घट्ट धरावा, मागे मॅट. मारणाऱ्याची मूठ पॅडपासून एक वीत अंतरावर. आधी एक-तृतीयांश जोराने पाच, मग दोन-तृतीयांश जोराने पाच, मग पूर्ण जोराने तीन, दोन्ही हातांनी. तीन टप्प्यांवर पाहायचं:

*आधी.* मूठ मागे ओढली का? श्वास कोंडला का? दात आवळले का? चांगल्या फाजिनआधी काहीच होत नाही, आणि ते 'काहीच नाही' शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

*त्या क्षणी.* पाय, कंबर आणि मूठ एकत्र. पाय आपटल्याचा आवाज आधी आणि पॅडचा मागाहून आला, तर आपटणं शोभेचं.

*नंतर.* अंग लगेच सैल झालं का? फटक्यानंतर हात थरथरत राहणं हे पुष्कळांना खास 'अंतर्गत' लक्षण वाटतं. ते उलट आहे. ताण सुटला नाही म्हणून हात थरथरतो. चेन शैलीत शरीराची एक झटक्याची कंप असते, पण ती फटक्याच्या आत असते आणि तिथेच संपते.

पॅड धरणाऱ्याला दर फटक्यानंतर एकच प्रश्न विचारा: पॅडवर लागलं, छातीत लागलं, की पाठीत? त्याच्या टाचा हलल्या का, हेही लिहा. आवाजावर जाऊ नका. सपाट हाताची चापट भरपूर वाजते आणि आत काही पोचत नाही.

एक-तृतीयांश जोराचे फटके नीट आणि पूर्ण जोराचे बिघडलेले, असं बहुतेकांचं होतं. मग सराव बिघाड सुरू होतो त्याच्या जरा खालच्या जोरावर करायचा.

## ८. प्रात्यक्षिक पाहताना: समोरच्याकडे पाहा

ढकलणाऱ्याची पारख झाली की ढकलल्या जाणाऱ्याची. पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्या प्रात्यक्षिकाने काहीच सिद्ध होत नाही:

- समोरचा पावलं जुळवून, सरळ रेषेत उभा आहे. अशा माणसाला शाळकरी पोरही मागे ढकलेल. मागच्या बाजूने त्याला फक्त टाचेचा आधार आहे.
- तो आधीच पुढे झुकून, कोपरं ताठ करून गुरुजींना ढकलतोय. ताठ कोपर म्हणजे काठी. काठीचं टोक जरा वर उचललं की पूर्ण माणूस उचलला जातो.
- स्पर्शाच्या आधीच त्याचे गुडघे वाकले. उडी मारायला गुडघे वाकवावेच लागतात. स्लो मोशनमध्ये हे लख्ख दिसतं.
- स्पर्शच झाला नाही. असं प्रात्यक्षिक विचारात घेऊ नका.
- गुरुजी एका पायावर उभे आणि ढकलणारा त्यांच्या हातावर आडवा जोर लावतोय. हात किंचित उचलला की तो जोर वर वळतो. छान युक्ती आहे, समजून घेण्याजोगी आहे, पण लढाईतला जोर नव्हे.

मात्र मागे उड्या मारत जाणारा प्रत्येक जण नाटकी नसतो. मुळापासून उपटला गेलेला माणूस पडू नये म्हणून तोल सावरत दोन-तीन उड्या मारतोच. फरक पहिल्या क्षणात सापडतो. टाचा आधी सुटल्या, मग धड गेलं, मग पाय मागे धावले, तर तो खरंच ढकलला गेला. पायांनी आधी उडी घेतली आणि धड मागाहून गेलं, तर त्याने मदत केली. शिष्याचीही यात लबाडी असेलच असं नाही. रोज तेच केल्याने शरीराला सवय लागते आणि त्याचं त्यालाही कळत नाही.

उपाय एकच, माणूस बदलणं. गुरुजींना कधी न भेटलेला, पंधरा किलोंनी जड, एक पाय मागे घेऊन नेहमीसारखा उभा राहिलेला. त्याला 'पडू नकोस' असंही सांगू नका आणि 'साथ दे' असंही नको. फक्त 'उभा राहा' म्हणा.

आणि पॅडवरचा किंवा ढकलीचा जोर म्हणजे लढण्याची क्षमता नव्हे. १९५४ साली मकाऊत ताइचीचे वू गोंगयी आणि पांढरा करकोचा शैलीचे चान हाक-फू यांची सामना-लढत झाली. तिचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. दुसऱ्या फेरीत लढत थांबवली गेली, विजेता ठरला नाही. ते चित्रीकरण जरूर पाहा आणि या लेखातल्या पायऱ्यांनी तपासा: खांदे कुठे आहेत, पाऊल आणि मूठ एकत्र पोचतात का, समोरून मार येतो तेव्हा ठेवण कितपत टिकते. अंतर, वेळ साधणं, मार सोसणं, ही वेगळी कौशल्यं आहेत आणि ती वेगळी शिकावी लागतात.

## ९. थुइशौ

थुइशौ, म्हणजे दोघांनी हात जोडून करायचा पुश हँड्सचा सराव. इथे जिंकलं कोण ते सोडा, चार दोष मोजा. चिनीत त्यांची नावं डिंग, ब्येन, ड्यू आणि खांग. सोप्या भाषेत: टक्कर देणं, चेपलं जाणं, स्पर्श सोडणं, अडून बसणं. तीन मिनिटांची फेरी घ्या आणि तिसऱ्या माणसाने प्रत्येक दोषाला वहीत एक रेघ मारावी. दोघांच्या मिळून पंचवीस रेघा झाल्या तर ती कुस्ती झाली, तीही कच्ची.

चांगल्या माणसाची खूण अशी की त्याला ढकलताना जोर लावायला जागाच सापडत नाही. तुम्ही रेटता तिथून तो खुबा वळवून रिकामा होतो, हात मात्र चिकटलेलाच राहतो, आणि तुमचं वजन बोटांवर आल्याचं तुम्हाला कळण्याआधी त्याला कळलेलं असतं. या ऐकण्याला 'तिंगजिन' म्हणतात. तपासायचं तर त्याला डोळे मिटायला सांगा. पकड बिघडली नाही तर तो हातानेच ऐकत होता.

तुम्ही पकडून ओढलं की नवखा खांद्याने उलटा ओढतो. दोघं मनगटं धरून हिसकाहिसकी करायला लागले की फेरी थांबवा. मनगटं आणि कोपरं इथेच दुखावतात.

## १०. स्पर्धेच्या गुणांचा अर्थ

वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या खेळाच्या, स्पर्धेत ताइचीला दहापैकी गुण मिळतात. अवघड उड्या आणि तोल असलेल्या प्रकारात ५ गुण हालचालींच्या दर्जाचे, ३ एकूण सादरीकरणाचे, २ काठिण्याचे. दर्जात प्रत्येक चुकीला ०.१ कापतात. गालिचा १४ बाय ८ मीटरचा. हे गुण पवित्रा, तोल आणि सफाई नीट मोजतात, आणि त्यासाठी पंचांची नजर फार तयार असते. समोरच्या माणसावर काय परिणाम होतो ते मात्र हे गुण मोजतच नाहीत, कारण समोर माणूस नसतो. स्पर्धेचं पदक पाहून पायरी २ आणि ३ बद्दल खात्री बाळगा; ५ ते ९ स्वतः तपासा.

## ११. शिक्षकाकडे पहिल्यांदा जाताना

वर्गात जाऊन लगेच मोबाइल लावू नका, आधी विचारा. पहिला तास बाजूला बसून शिक्षकाकडे नव्हे, तर तीन-चार वर्षं शिकलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहा. त्यांचे खांदे आणि गुडघे सगळं सांगतात. एका विद्यार्थ्याचे गुडघे आत पडत असतील तर ती त्याची सवय. सगळ्यांचे पडत असतील तर ती शिकवणीतली चूक, आणि काही वर्षांत ती तुमच्या गुडघ्यांत येईल.

मग नम्रपणे दोन गोष्टी मागा: 'सर, तुमच्या हाताला हात लावून पाहू का?' आणि 'मला हळू ढकलून दाखवाल का?' ढकलले जाताना एक पाय मागे ठेवा, प्रतिकार करू नका, साथही देऊ नका, आणि मागे कोणीतरी उभं राहू द्या. जाणता शिक्षक याला हरकत घेत नाही; उलट तुमचा खांदा कुठे अडकलाय ते त्याच स्पर्शात ओळखून सांगतो. 'वरच्या पातळीवर गेल्याशिवाय हे दाखवत नाही' असं उत्तर मिळालं, तर वर्षाची फी आगाऊ भरू नका. एका महिन्याची भरा आणि तेवढ्यात पायरी २ आणि ३ वर काय शिकवतात ते पाहा.